वरचं अक्षर

खुर्ची न ओढता, उभ्या उभ्याच तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या कॉम्प्युटरवर वाकून तिनं स्क्रीनच्या माथ्यावरची निळी पट्टी पिवळी केली. मग माउस होता तिथेच ठेवला, की-बोर्डवर उमटलेली आपल्या बोटांची ओल रुमालानं टिपली आणि खिडक्या उघडायला गेली. वर्ग भरायला अजून वेळ होता. कॅन्टीनच्या बाजूनं कपबशांचा आवाज येत होता. खाली शॉपमध्ये पत्रा दाबणारे प्रेस सुरू झाले होते, त्यामुळे टेबलांवरची पेनं हलकेच थरथरत होती.

आठवडाभर ती या कारखान्याच्या माणसांना नवी सिस्टिम शिकवत होती. कच्चा माल मागवण्यापासून तयार माल गाडीत चढेपर्यंतचं सगळं आता कागदाऐवजी या सिस्टिममधून होणार होतं. या सिस्टिमच्या दोन प्रती होत्या. एक सरावाची, पिवळ्या पट्टीची. तिथे वाटेल तो गोंधळ घाला, सोमवारच्या आत सगळं पुसलं जाणार. दुसरी खरी, निळ्या पट्टीची. तिथे केलेलं पुसता येत नाही. बाकी दोघी जुळ्या बहिणी, आईलाही ओळखता येणार नाहीत अशा. म्हणून पहिल्याच दिवशी तिनं सगळ्यांकडून एक गोष्ट घोकून घेतली होती, की हात लावण्याआधी पट्टी बघायची. पट्टीचा रंग आपल्या आवडीनं बदलता येतो, हे शिकवायचं मात्र तिनं टाळलं होतं.

खरी सिस्टिम सोमवारी उघडणार होती. मंजुरीचा अधिकार असलेल्या मोजक्या माणसांची लॉगिनं तेवढी तपासणीसाठी आधीच चालू झाली होती आणि त्यांत खरेदीसाहेब होते. तिसऱ्या रांगेतला कडेचा कॉम्प्युटर त्यांचा. आज तिथे पट्टी सरावाची होती आणि पट्टीखाली सिस्टिम खरी होती.

खरेदीसाहेब या वर्गात आले होते ते शिकायला कमी आणि वर्गाची करमणूक करायला जास्त. सराव म्हटल्यावर त्यांना ऊत आला होता. पहिल्या दिवशी त्यांनी बोल्टांची अशी ऑर्डर काढली की माल ठेवायला शेजारचा कारखाना विकत घ्यावा लागला असता. दुसऱ्या दिवसापासून त्यांना पुरवठादार उडवायचा नाद लागला. यादीतलं एखादं नाव निवडायचं, 'बंद'वर टिचकी मारायची, सिस्टिमनं कारण विचारलं की रकान्यात 'मर्जी' असं टाइप करायचं आणि मागे वळून मंडळींकडे बघायचं. मंडळी हसायची. ज्याच्या हातात आपली रजा आणि बढती आहे, त्याच्या विनोदाला हसायला कुणाला शिकवावं लागत नाही. तीही हसायची.

आज ही मर्जी खऱ्या सिस्टिममध्ये चालणार होती. सोमवारी सकाळी निम्मे पुरवठादार बंद झालेले असतील, मालाच्या गाड्या फाटकावर अडतील, मोठे साहेब खाली उतरतील आणि प्रत्येक ओळीपुढे एकच नाव असेल. कारण काय, तर मर्जी. अख्ख्या स्टोअरसमोर त्यांना उभं करून विचारलं जाईल आणि त्यांना तोंड उघडता येणार नाही. हे चित्र तिनं मनात इतक्या वेळा रंगवलं होतं की त्यातल्या माणसांचे कपडेसुद्धा ठरून गेले होते.

ती शाळेत असताना तिचे वडील या कारखान्याला स्प्रिंगा पुरवायचे. घराच्या पुढच्या खोलीत एक वाइंडिंग मशीन, मदतीला बायको आणि सुटीच्या दिवशी मुलगी, एवढाच त्यांचा पसारा. एका दुपारी ती बाबांबरोबर माल पोचवायला आली होती. खरेदीसाहेब तेव्हा नवे होते आणि आपली जरब बसवायची त्यांना घाई होती. त्यांनी पेटीतून मूठभर स्प्रिंगा उचलल्या, एकीला माप लावलं आणि माल ड्रॉइंगप्रमाणे नाही म्हणून सांगितलं. बाबांनी खिशातून ड्रॉइंगची घडी काढून पुढे केली. ते ड्रॉइंग कधीच रद्द झालं, नवं तुम्हाला पाठवलंय, वाचता येत नसेल तर धंदा बंद करा, असं साहेब म्हणाले. नवं आलंच नाही, असं बाबा म्हणाले. तेव्हा साहेबांनी पेटी उचलली आणि उपडी केली.

स्प्रिंगा स्टोअरभर पळाल्या. रॅकखाली गेल्या, तराजूखाली गेल्या, लोकांच्या बुटांना जाऊन लागल्या. बाबा गुडघ्यांवर बसून त्या वेचत राहिले आणि ती दाराशी शाळेच्या गणवेशात उभी राहिली. मदतीला जावं की न बघितल्यासारखं करावं, हे तिला ठरवता आलं नाही. त्याचा स्वतःवरचा रागही तिला अजून होता, पण साहेबांवरचा राग त्याहून मोठा होता, आणि तो तिनं जपला होता.

या सगळ्यात एक गोष्ट तिनं कुणाला बोलून दाखवली नव्हती. बाबांचंच चुकलं असणार, असं तिनं गृहीत धरलं होतं. नवं ड्रॉइंग आलं असेल, कुठेतरी पडलं असेल, त्यांनी बघितलं नसेल. आई तर उघडच म्हणायची, "कागद नीट बघायला हवा होता." भाजी जळली, बस चुकली, कशावरूनही विषय तिथे यायचा. बाबा पहिली काही वर्षं सांगत राहिले की कागद आलाच नव्हता, मग मूग गिळून बसले. मशीनवर जुनी चादर पडली. तिचं म्हणणं एवढंच होतं की माणूस चुकला म्हणून त्याला जमिनीवर बसवायचं नसतं. त्या जमिनीवर बसवण्याचा हिशेब तिला चुकता करायचा होता. तिच्या सॉफ्टवेअर कंपनीकडे हे काम आलं तेव्हा ते मागून घ्यायचं कारणही तेच. लग्नानंतर आडनाव बदललेलं, अंगावर गणवेशाऐवजी ब्लेझर. खरेदीसाहेबांनी तिला ओळखायचं काहीच कारण नव्हतं.

मंडळी आली. साहेब आले, खुर्चीत रेलून बसले आणि लॉगिन केलं. पट्टीकडे त्यांनी बघितलंही नाही. त्यांच्या शेजारी स्टोअरवाले काका बसायचे. निवृत्तीला आलेले, मितभाषी, दर थोड्या वेळानं चष्मा पुसायची सवय. त्या दुपारीही ते स्टोअरमध्येच होते. तिच्या पायाशी आलेल्या दोन-चार स्प्रिंगा उचलून त्यांनी गुपचूप पेटीत टाकल्या होत्या, हे तिला आठवत होतं. आपण त्यांना आठवत असू, असं तिला वाटत नव्हतं.

सकाळी तिनं आधीच्या दिवसाची उजळणी घेतली. कुठल्याही भागाचं ड्रॉइंग बदललं की त्याला पुढचं अक्षर मिळतं, ए नंतर बी, बी नंतर सी. सिस्टिम ती अक्षरं जुन्यापासून दाखवते, म्हणून सगळ्यात वरचं रद्द झालेलं असतं आणि सगळ्यात खालचं चालू असतं. यादी खालपर्यंत सरकवायची आणि मगच निवडायचं. हे तिनं आठवड्यात पुन्हा पुन्हा सांगितलं होतं आणि खरेदीसाहेब दर वेळी तेच म्हणायचे.

"वरचं ते वरचं, मॅडम. आम्हाला खाली बघायची सवय नाही."

मंडळी हसली. तिनंही ओठ ताणले.

मग तिनं शेवटचा अभ्यास दिला. ज्याला जे सुचेल ते करायचं, माल मागवा, परत पाठवा, पुरवठादार चालू करा, बंद करा. आज मी सांगणार नाही, फक्त बघणार. असं म्हणून ती रांगांमधून फिरू लागली. तळहात घामेजले होते म्हणून हात पाठीमागे बांधले. तिसऱ्या रांगेशी आल्यावर ती साहेबांच्या खुर्चीमागे थांबली.

साहेबांनी पुरवठादारांची यादी उघडली होती. आता सुरू होईल, असं तिला वाटलं. पण आज ते यादीच्या शेपटाशी, बंद केलेल्या नावांत रमले होते. जुन्या कागदांवरून उचललेली ती नावं, करड्या रंगात. माउसचं चाक फिरता फिरता एका जागी थांबलं. बाबांच्या वर्कशॉपचं नाव होतं.

"काका, हा बघा कोण सापडला," साहेब म्हणाले. "आपला स्प्रिंगवाला."

काकांनी स्क्रीनकडे बघितलं आणि चष्मा काढला.

"हात चांगला होता हो त्याचा. तसा माल नंतर मिळाला नाही." साहेबांनी नावावर टिचकी मारली, करडं नाव काळं झालं. "चला, देऊन टाकू त्याला एक ऑर्डर. सरावात कुणाच्या बापाचं काय जातंय?"

तिच्या अंगाची लाहीलाही झाली. हात चांगला होता! म्हणजे माहीत होतं यांना. पेटी उपडी करतानाही माहीत होतं. बाबा एकेक स्प्रिंग फुंकून पेटीत टाकत होते तेव्हा हा माणूस वर उभा राहून चांगला हात बघत होता. तिला क्षणभर वाटलं की पट्टीचं नाटक पुरे, याच्या तोंडावर सांगावं की तो बाप माझा आहे. पण मग आठवडाभराचं सगळं वाया गेलं असतं. ती दातावर दात रोवून उभी राहिली.

साहेबांनी भागाचा नंबर टाकला. पूर्वी घ्यायचो तेवढ्याच घेऊ, असं पुटपुटत आकडा भरला. पुढच्या रकान्यात सिस्टिमनं ड्रॉइंग विचारलं. यादी उघडली. ए वर होतं, त्याखाली बी, सी आणि बाकीची. साहेबांनी बघितलं न बघितलं केलं आणि पहिल्या अक्षरावर टिचकी मारली.

ए.

बाबांच्या खिशातल्या घडीवर कोपऱ्यात होतं ते अक्षर तिला लख्ख दिसलं. जेवणाच्या टेबलावर, मशीनच्या फळीवर, पाहुण्यांच्या हातात, कुठे कुठे तो कागद तिनं बघितला होता. बाबा तो सगळ्यांना दाखवायचे आणि सगळे मान हलवून दुसरीकडे बघायचे. त्या वेळी सिस्टिम नव्हती, ड्रॉइंगांचा गठ्ठा असेल आणि जुनं वर असेल. यांनी हात घातला असेल आणि वरचं काढून पाकिटात भरलं असेल. नवं कधी गेलंच नसेल. एवढंच झालं असेल. बाबा खरं बोलत होते. पहिल्या दिवसापासून खरं बोलत होते आणि घरातल्या कुणाचा त्यांच्यावर विश्वास नव्हता, तिचासुद्धा.

तिनं खुर्चीची पाठ धरली. दुसऱ्या कुणी वरचं अक्षर निवडलं असतं तर तिनं लगेच वाकून दुरुस्त केलं असतं.

स्क्रीनवर चौकट आली. ऑर्डर मंजूर करून पुरवठादाराला पाठवायची, खात्री आहे का? साहेबांचं बोट माउसवर थांबलं. मागे ती उभी आहे हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

"मॅडम, दाबू ना?"

सगळा वर्ग आपापल्या स्क्रीनमध्ये होता. फक्त काका वळून बघत होते, पण तिच्याकडे नाही, साहेबांच्या स्क्रीनच्या माथ्याकडे.

"दाबा," ती म्हणाली.

त्यांनी दाबलं. तिच्या ब्लेझरच्या खिशात फोन एकदा थरथरला. वर्कशॉपचा ईमेल शाळेत असताना तिनंच उघडून दिला होता, जुन्या बिलांवरून तो यादीत आला होता आणि अजून तिच्याच फोनवर यायचा. तेवढ्यात चहा आला. साहेबांचा उत्साह ओसरला, त्यांना मीटिंग होती. कप हातात घेऊन त्यांनी लॉगिन बंद केलं, छान शिकवता तुम्ही म्हणून तिचं कौतुक केलं आणि निघून गेले. एकाही पुरवठादाराला त्यांनी उडवलं नव्हतं. एवढा खटाटोप करून तिच्या हाती लागली ती एक ऑर्डर.

वर्ग सुटल्यावर ती त्या कॉम्प्युटरवर वाकून पट्टी पुन्हा निळी करत होती. मागे पावलं वाजली. काका चष्म्याची डबी विसरले होते. ती उचलून त्यांनी खिशात घातली. निळी पट्टी त्यांच्यासमोर होती.

"त्या स्प्रिंगांच्या ऑर्डरीचं आता काय होणार?" त्यांनी विचारलं.

"सरावातलं सगळं पुसलं जातं, काका."

"तेच म्हटलं." दाराशी जाऊन ते थांबले. "माल आलाच तर उतरवून घ्यायला मी आहे. निवृत्तीला वेळ आहे अजून."

ती माहेरी पोचली तेव्हा बाबा पुढच्या खोलीत, मशीनशेजारच्या स्टुलावर बसून रेडिओचा सेल बदलत होते. तिनं ब्लेझर न काढता फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी ऑर्डर वाचली, कारखान्याचं नाव वाचलं आणि तिच्याकडे बघितलं.

"ही कुणी केलेली चेष्टा आहे?"

तिनं सगळं सांगितलं. पट्टीचं, मर्जीचं, जपून ठेवलेल्या रागाचं. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. असं करायचं नाही, असं बाबा म्हणतील असं तिला वाटत होतं, म्हणून तिनं पुढचंही एका दमात सांगून टाकलं. तुम्ही स्वीकारलं नाही तर ही रविवारी आपोआप बाद होईल, तिकडे कुणी बघणारही नाही. स्वीकारलं तर त्यांना माल घ्यावाच लागेल, नाही म्हणायचं तर मोठ्या साहेबांसमोर कारण द्यावं लागेल. आणि पट्टी कुणी बदलली हे कुणी खणून काढलं, तर माझी नोकरी जाईल.

बाबा बहुतेक ऐकत नव्हते. ऑर्डरीबरोबर आलेलं ड्रॉइंग त्यांनी उघडलं होतं आणि दोन बोटांनी त्याचा कोपरा मोठा करत होते.

"ए आहे," ते म्हणाले.

"हो."

"कुणी निवडलं?"

"त्यांनीच. यादीत वर होतं म्हणून. आठवडाभर मी सांगत होते की वरचं जुनं असतं, पण ते प्रत्येक वेळी वरचंच घेतात. मी मागे उभी राहून बघितलं, बाबा." तिनं कोपऱ्यातल्या अक्षरावर बोट ठेवलं. "तेव्हाही तसंच झालं असणार."

"तेव्हाही तसंच झालं," बाबा म्हणाले. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

मग आई आत गेली, गॅस बंद केल्याचा आवाज आला आणि ती परत येऊन बाबांच्या स्टुलाजवळ जमिनीवर बसली. कागदाचं नेहमीचं वाक्य तिच्या ओठांवर आलं नाही. पुढे कधी आलंही नाही.

"कुठलं बटण?" बाबांनी विचारलं.

तिनं दाखवलं. दाबायला तिनं बोट पुढे केलं, ते त्यांनी बाजूला सारलं आणि स्वतः दाबलं. स्क्रीनवर हिरवी खूण उमटली. त्यांनी फोन परत दिला आणि उठून उभे राहिले.

"मापं तंतोतंत ए प्रमाणे ठेवायची," ते म्हणाले. "केसाचाही फरक नको. उद्या तार बघून ये. आणि पेटी आपली जुनीच घेऊ, उघड्या तोंडाची."

"टेम्पो सांगू पोचवायला?"

"मी नेईन." ते मशीनकडे वळले, मग थांबले. "स्टोअरची फरशी अजून तीच आहे का गं?"

"कुठली फरशी?"

"ती काळी. गुळगुळीत होती. फार लांब पळाल्या होत्या स्प्रिंगा. या वेळी वेचायला मी वाकणार नाही."

तिला ती फरशी आठवली. आठवडाभर ती त्याच फरशीवरून ये-जा करत होती.

"तीच आहे, बाबा."

बाबांनी मान हलवली आणि मशीनवरची चादर ओढून काढली.